सुटून आल्यावर

'सुटका' हा शब्द आपण फार सहज वापरतो. परीक्षा संपली की सुटलो, पाहुणे गेले की सुटलो. माणूस तुरुंगातून बाहेर आला की त्याच्या बाबतीतही हाच शब्द, आणि तो उच्चारला की प्रकरण मिटले अशी आपली समजूत. मानसशास्त्र हा माझा खास विषय. कैदेत माणसाच्या मनाचे काय होते, यावर वर्गात बरेच बोलणे होते. घरी आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे मात्र मला मामाकडे पाहून कळले.

मामाची हकीकत थोडक्यात सांगते. भावकीत बांधावरून मारामारी झाली, एक माणूस गेला आणि फिर्यादीत सात नावे पडली. त्यांत मामाचे एक. जामीन नामंजूर होत गेला. चार वर्षे दोन महिने तो 'कच्चा कैदी' होता. अखेर न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. २०२२ सालच्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे आपल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतल्या ४,३४,३०२ जणांच्या खटल्याचा निकालच लागायचा होता. म्हणजे चारांतले तीन!

गावी परत जाणे शक्य नव्हते, म्हणून आईने त्याला आमच्याकडे आणले. आजीने पेढे वाटले. "माझं पोर आलं, आता चार दिवस पोटभर जेवलं की होईल पहिल्यासारखं," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

मामा जेवत होता, पण संध्याकाळी पाच वाजता. त्यानंतर ताट वाढले तर नको म्हणायचा. सहाच्या सुमारास कितीही लख्ख उजेड असो, तो आत येऊन भिंतीशी बसे, कारण आत असताना ती बंदीची वेळ होती. दिवा मालवला तर त्याला झोप येत नसे. बरॅकीत रात्रभर दिवा असतो. सगळी खोली मोकळी असताना तो हातभर जागेत कुशीवर झोपे. साबणाची वडी फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवी. दर चौदाव्या दिवशी सकाळीच अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार होऊन बसे. तारखेचा दिवस! हे आईच्या ध्यानात यायला दोन महिने लागले.

सर्वांत चमत्कारिक म्हणजे दार. कडी आतून असे, पण मामा दारासमोर उभा राही. कुणी उघडेपर्यंत तसाच. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "आळशी झालेत हो." मला त्यांचा राग आला, पण त्यांना तरी कसे कळावे? चार वर्षे ज्याने स्वतःच्या हाताने एकही दार उघडले नाही, त्याचा हात कडीकडे जाणार कसा? "दादा, आज भाजी कोणती करू?" असे आईने विचारले तरी त्याला घाम फुटे. आत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

त्यातच झोप गेली. तुरुंगाच्या दवाखान्यात त्याला रोज रात्री एक गोळी मिळत असे. सुटताना कपड्यांचे बोचके मिळाले, जमा असलेले पैसे सही घेऊन परत मिळाले. गोळीची चिठ्ठी मात्र आतच राहिली. कोणती गोळी, किती दिवस, एकदम थांबवली तर काय होईल, हे ना त्याला ठाऊक ना आम्हांला. आठ रात्री त्याने बसून काढल्या. आजीने दृष्ट काढली, अंगारा लावला. तिच्या परीने तेवढेच औषध होते.

हे दिवस केवळ त्रासाचे नसतात, जिवावरचे असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुटलेल्या सुमारे अडीच लाख लोकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यापासून वर्षाच्या आत ज्यांनी जीव दिला, त्यांतल्या पाचव्या हिश्श्याने तो पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दिला होता. घरात पेढे वाटले जातात ते हेच दिवस.

मग कायदा काय म्हणतो? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तुरुंगातल्या डॉक्टरांना मानसिक उपचारांचे प्राथमिक शिक्षण द्यावे, प्रत्येक राज्यातल्या निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मानसिक उपचारांची सोय असावी, अशी कलमे आहेत. ती चांगलीच आहेत. पण ती फाटकाच्या आतली. बाहेर १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, त्याखाली परिवीक्षा अधिकारी आहेत. परंतु ते दोषी ठरून परिवीक्षेवर सुटलेल्यांसाठी. मामा दोषीच नव्हता! निर्दोष माणसाची चौकशी करायला कोण येणार? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये आणि सुटलेल्यांमध्ये काम करतो. पण मुंबई आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर.

शेवटी आई त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात घेऊन गेली. "वेड्यांच्या डॉक्टरकडे?" म्हणून आजी दोन दिवस बोलली नाही. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, पण मला जास्त महत्त्वाचे वाटले ते तिथल्या समाजसेविकाबाईंचे बोलणे. त्या आमच्याशीच अर्धा तास बोलल्या. आत काय झाले ते खोदून विचारू नका. तो सांगेल तेव्हा ऐका. त्याच्यासाठी धावत जाऊन दार उघडू नका आणि उघडत नाही म्हणून हसूही नका. "भाजी कोणती?" असे न विचारता दोन भाज्या पुढे ठेवा, एक उचलू द्या. आमचा प्राध्यापकवर्ग मला क्षमा करो, पण इतके उपयोगी मानसशास्त्र मी आजवर ऐकले नव्हते.

हे शहाणपण काही आजचे नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. भिंत नाही, कैदी शेती करतात आणि बायकामुलांसह राहतात. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) त्याच प्रयोगावरून सुचलेला. चित्रपट सर्वांना आठवतो. पण ती वसाहत शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्यांसाठी. कच्च्याला तिथे जागा नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. सुटणाऱ्याच्या हातात पैशांबरोबर औषधाची चिठ्ठी द्यावी. त्याच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात मनोविकार तपासणी कोणत्या वारी असते, ते त्या चिठ्ठीवर लिहावे. पहिल्या महिन्यात कुणीतरी एकदा घरी येऊन घरच्यांशी बोलावे. १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी फोन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत. तो क्रमांक तुरुंगाच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवायला कितीसा खर्च येईल?

मामा आता एका पिठाच्या गिरणीत कामाला जातो. महिन्यातून एक मंगळवार औषधासाठी मोडतो, त्या दिवसाची मजुरी जाते, वर एस.टी.चे भाडे. सहा वाजले की तो अजूनही काम टाकून घरी येतो. गिरणीवाल्याने कुरकुर केली, मग संध्याकाळच्या दळणासाठी दुसरा मुलगा ठेवला आणि मामाला सकाळी सातला बोलावू लागला. गिरणीचे कुलूप सकाळी मामाच काढतो. कधी कधी त्याला वेळ लागतो, बायका डबे घेऊन बाहेर थांबतात.