उमरोळीची जीप आणि दोन इंच

पालघर सोडले की डहाणूकडे जाणाऱ्या गाडीचे पुढचे स्टेशन उमरोळी आणि त्यापुढचे बोईसर. २०१३ साली विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून मुंबईहून इकडे येणे सोपे झाले आहे. सकाळच्या गाडीत बहुतेक मंडळी बोईसरला उतरून तारापूरच्या कारखान्यांत कामाला जाणारी. उमरोळीला उतरणारे थोडेच. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या थोड्यांत मी एक होतो.

उमरोळीला माझी मावशी असते. काकांची भातशेती आहे, चार म्हशी आहेत आणि एक जुनी जीप आहे. गावाच्या पश्चिमेला खाजणे आणि त्यापलीकडे समुद्र. पूर्वेला भाताची खाचरे आणि मग डोंगर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०२१ साली पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्ह्याची नवी कचेरीही उभी राहिली. सरकार दाराशी आले म्हणायचे. पण काकांच्या शेताकडची वाट होती तशीच आहे. दोन-अडीच किलोमीटर कच्ची, मध्ये एक ओहोळ, आणि ओहोळाच्या पलीकडे दहा-बारा घरांचा पाडा.

मी पोचलो तेव्हा राब भाजून झाले होते आणि काका पडवीत गप्प बसले होते. अंगणात जीप उभी होती. मागची डावी बाजू विटांच्या थरावर टेकवलेली.

"काय झालं गाडीला?" मी विचारले.

"शहाणपण केलं," मावशी आतूनच म्हणाली. "आता पाऊस आठ दिवसांवर आलाय आणि गाडी विटांवर!"

मग हळूहळू सगळी हकिगत कळली. पावसाळ्यात त्या ओहोळात जीप अडकायची. वाट तिरकी उतरते, त्यामुळे पुढचे एक चाक दगडावर चढते आणि त्याच वेळी मागचे त्याच बाजूचे चाक हवेत लोंबकळते. हवेतले चाक गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये पाड्यावरची एक म्हातारी तापाने फणफणली होती. तिला जीपमधून दवाखान्यात न्यायला निघाले, आणि जीप ओहोळात अडकली. शेवटी पोरांनी तिला झोळीत घालून गुडघाभर पाण्यातून रस्त्यापर्यंत नेले. म्हातारी वाचली, पण काकांच्या मनाला ते लागून राहिले.

कोणीतरी सांगितले, लांब शॉकअप बसवा, चाके जमीन सोडणार नाहीत. काकांनी एका गॅरेजात जाऊन चारी चाकांना लांब शॉकअप बसवून घेतले. एका दिवसात काम झाले. खताच्या पोत्या भरून घरी येताना पहिल्याच मोठ्या खड्ड्यात धाडकन आवाज झाला आणि मागच्या डाव्या शॉकअपचे वरचे ब्रॅकेट तुटले.

"शॉकअप वाईट निघाले," काका म्हणाले.

दुपारी गावातले म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी उभा जन्म जीप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात घालवला आहे. त्यांनी गाडीखाली डोके घातले, बराच वेळ पाहिले आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, "दादा, बसवण्याआधी कोणी माप घेतलं होतं का?"

काका काही बोलले नाहीत.

वाचकहो, पुढचे दोन दिवस मी त्या मिस्त्रींच्या हाताशी पट्टी आणि कंदील धरून बसलो. जे पाहिले ते सांगण्याजोगे आहे, कारण जुन्या जीप अजून अनेक गावांत शेतीच्या कामाला आहेत.

ही जीप मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अशा सहा लाखांवर गाड्या बांधल्या गेल्या. आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. तिची रचना आपल्या बैलगाडीहून फार दूर नाही. पुढे एक आस, मागे एक आस, आणि प्रत्येक आसाच्या टोकाला चाक. फरक एवढाच, की आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये पोलादी पाटे आहेत. वजन पेलतात ते पाटे.

मग शॉकअप काय करतो? तो वजन पेलत नाही, ही गोष्ट मिस्त्रींनी पहिल्यांदा आमच्या डोक्यात घातली. खड्डा लागला की पाटा दबतो, परत उसळतो, पुन्हा दबतो. शॉकअप नसेल तर गाडी पाळण्यासारखी झुलत राहील. शॉकअपच्या नळीत तेल असते आणि दांड्याला दट्ट्या असतो. दट्ट्याच्या बारीक भोकांतून तेलाला वाट काढावी लागते, म्हणून उसळी लवकर निवते. ती ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून खराब वाटेवरून गाडी आली की चारी शॉकअप हाताला कोमट लागायला हवेत. एखादा थंडच राहिला तर तो मेला असे समजावे.

"पण शॉकअप आणखी एक काम करतो," मिस्त्री म्हणाले. "दाव्याचं. चाक खाली लोंबलं की शॉकअपचा दांडा पुरता उघडतो आणि तिथंच अडवतो. दावं आखूड असेल तर गाय चाऱ्यापर्यंत पोचत नाही. तसं चाक जमिनीपर्यंत पोचत नाही."

आता चाक जमिनीला टेकणे एवढे महत्त्वाचे का? आसाच्या मध्यावर जो दातेरी चाकांचा गोळा असतो, तो दोन्ही चाकांना जोर वाटून देतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावे लागते, म्हणून ती सोय. पण तिचा एक दोष आहे. एक चाक हवेत गेले की ते फुकट फिरते आणि जमिनीवरच्या चाकाला ओढण्याइतका जोर मिळतच नाही. पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके तिरपी हवेत गेली, की चारी चाकांना जोर देणारी जीपही हतबल होते. ओहोळात घडत होते ते हेच.

म्हणजे लांब शॉकअपचा सल्ला अगदी खोटा नव्हता. पण तो या गाडीला लागू आहे का, हे पाहायचे राहून गेले होते.

मिस्त्रींनी जॅक लावून सांगाडा उचलला आणि खाली लाकडाचे जाड ठोकळे दिले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. चाके मोकळी लोंबकळू लागली. मग त्यांनी काकांनी जपून ठेवलेले जुने आखूड शॉकअप तात्पुरते बसवले आणि त्यांचे खालचे बोल्ट एकेक करून काढले.

पुढच्या बाजूला बोल्ट काढला तरी आस तसूभरही खाली आला नाही. तिथे पाटा आणि त्याची साखळी हीच शेवटची हद्द होती. म्हणजे पुढे लांब शॉकअप घालणे म्हणजे आखूड दोराच्या विहिरीत मोठी बादली सोडणे.

मागच्या बाजूला मात्र बोल्ट निघताच आस दोन इंच खाली सरकला. "हे बघा," मिस्त्री म्हणाले, "तुमचे दोन इंच इथं अडले होते."

मग मापे झाली. मी ती सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतली, ती अशी. मागचा आस पुरता लोंबत असताना शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधले अंतर २० इंच. गाडी जमिनीवर उभी असताना साडेसोळा इंच. आस वर जाऊन ज्या रबरी गट्टूवर आपटतो, तो गट्टू चार इंच वर. रबर दबते त्याचा अर्धा इंच धरला. म्हणजे चाक पुरते वर गेले की अंतर उरते १२ इंच.

जुना शॉकअप मिटल्यावर साडेअकरा इंच आणि उघडल्यावर १८ इंच. वर जायला त्याची अडचण नव्हती, पण खाली २० च्या जागी १८ लाच तो थांबत होता.

नवा लांब शॉकअप उघडल्यावर २३ इंच. ठीक. पण मिटल्यावर? तो १४ इंच भरला!

इथे सगळे कोडे उलगडले. शॉकअप लांब घेतला की त्याची नळीही लांब येते, म्हणून तो मिटल्यावरही लांबच राहतो. जागा १२ इंचांची आणि शॉकअप १४ इंचांचा. उभ्या गाडीत चाकाला वर जायला फक्त अडीच इंच उरले होते. खताच्या पोत्यांनी त्यातले बरेचसे खाल्ले. मग खड्डा आला. आस रबरी गट्टूपर्यंत पोचण्याआधीच शॉकअप लोखंडावर लोखंड असा भिडला आणि सगळा मार ब्रॅकेटवर बसला. शॉकअप वाईट नव्हते. माप वाईट होते.

"मग आता हे फेकून द्यायचे?" काकांनी विचारले. त्यात पैसे गेले होते.

मिस्त्रींनी मागचे दोन्ही शॉकअप शिकंजात धरून ओढून-दाबून पाहिले. दांडे सरळ होते, तेल गळत नव्हते. मग ते पाकिटावरचे आकडे पाहत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "वरचा बोल्ट अडीच इंच वर नेला तर?"

१२ चे होतात साडेचौदा, २० चे साडेबावीस. शॉकअप १४ ते २३. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच सूट! त्यांनी चाकावरच्या पत्र्याखाली तेवढी जागा आहे ना, हे पट्टी लावून पाहिले. खालचा बोल्ट खाली नेणेही शक्य होते, पण तो दगडांना लागला असता. बोईसरहून जाड लोखंडी पट्टी आणली. जुन्या ब्रॅकेटच्याच भोकांवर नवे उंच ब्रॅकेट बोल्टने घट्ट बसवले. पुढे मूळचे आखूड शॉकअप परत गेले.

काम संपले असे वाटून काका उठले, तर मिस्त्रींनी त्यांना परत बसवले. चाके पुन्हा लोंबकळत ठेवून त्यांनी मला ब्रेकच्या तेलाची रबरी नळी दाखवली. सांगाड्यावरून मागच्या आसाकडे जाणारी ती नळी तारेसारखी ताणली गेली होती. आस दोन इंच जास्त खाली गेला, नळी मात्र तेवढीच राहिली. या जुन्या जीपला चारी ब्रेकचे तेल एकाच भांड्यातून जाते. ही एक नळी तुटली तर चारी चाकांचे ब्रेक जातात. आणि हे कळणार कुठे? ओहोळाच्या उतारावर, गाडीत माणसे असताना. मावशी दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. शॉकअपपेक्षा किती स्वस्त ती नळी! लांब नळी बसवली. मागे जोर नेणारा दांडा त्याच्या खोबणीतून निसटत तर नाही, हेही पाहिले. मगच मिस्त्रींनी हात धुतले.

एक गोष्ट सांगून ठेवतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदलेल्या गाडीच्या मूळ रचनेत फरक करण्यावर बंधन आहे. तेव्हा झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा घालणे वेगळे आणि रचना बदलणे वेगळे. असे काही मनात असेल तर आधी आर.टी.ओ. कचेरीत आणि विम्याकडे विचारून घ्यावे. आणि आधी करावी ती बोल्ट काढून पाहण्याची परीक्षा. तिला पैसा लागत नाही. बोल्ट काढूनही आस खाली येत नसेल, तर लांब शॉकअपवर एक रुपयाही घालवू नये.

जुलैमध्ये लावणीच्या दिवसांत मी पुन्हा उमरोळीला गेलो. पाऊस धो-धो कोसळत होता. आवणाच्या जुड्या भरून आम्ही जीपने ओहोळाकडे निघालो. काकांनी पहिला गिअर टाकला. पुढचे उजवे चाक दगडावर चढले, गाडी कलली, मी दांडीला घट्ट धरले आणि मागे वाकून पाहिले. मागचे उजवे चाक खाली गेले, आणखी खाली गेले आणि चिखलमिश्रित गोट्यांवर टेकले. नीटसे नव्हे, जेमतेमच. पण टेकले. गाडी एकदा थरथरली आणि पलीकडे चढली.

काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त टोपी नीट केली.

परतताना पाड्यावरची ती म्हातारी गाडीत बसली. तिला तपासणीला दवाखान्यात जायचे होते. ओहोळ ओलांडताना ती कुरकुरली, "गेल्या वर्षी झोळीत बरी गेले होते. तेव्हा एवढे हादरे नव्हते!"

पुढच्या चाकांसाठी घेतलेले ते दोन लांब शॉकअप मावशीच्या गोठ्यात खुंटीला टांगले आहेत. काका म्हणतात, असू देत, फी भरली आहे. त्यांच्या शेजारीच आता एक लोखंडी पट्टी टांगलेली असते.