काय यांग? कोंबडी यांग!

थायलंड म्हणजे पटाया, शॉपिंग, फूट मसाज आणि नारळाच्या दुधातली ग्रीन करी... आपल्या डोक्यातलं पॅकेज साधारण इथंच संपतं. पण बँकॉकचा नोकरदार माणूस रात्री घरी काय खातो, हे बघायचं असेल तर मॉलमधून बाहेर पडा आणि संध्याकाळी साडेसहाला एखाद्या स्कायट्रेन स्टेशनच्या जिन्याखाली उभे राहा. मी ऑन नट स्टेशनपाशी उभी राहिले. आधी धूर दिसला, मग वास आला आणि मग गाडी! कोळशाच्या शेगडीवर, बांबूच्या चिरलेल्या काठ्यांमध्ये पकडलेल्या, मधोमध उघडून चपट्या केलेल्या कोंबड्या.

याचं नाव ‘काय यांग’. थाई भाषेत ‘काय’ म्हणजे कोंबडी आणि ‘यांग’ म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली. इंग्रजी बोर्डावर याचंच ‘गाय यांग’ होतं. घाबरू नका, गायीचा काहीही संबंध नाही!

गळ्यात ऑफिसचं आयकार्ड लटकवलेली मंडळी रांगेत होती. अर्धी कोंबडी, चिकट भात, कच्च्या पपईचं सोम तम आणि चटणीची रबरबँड लावलेली इवलीशी पिशवी. पाच मिनिटांत डिनर हातात. बँकॉकमधल्या कितीतरी छोट्या खोल्यांना धड स्वयंपाकघरच नसतं. त्यामुळे रोज असं तयार जेवण नेणारीला तिथं चक्क ‘प्लास्टिकच्या पिशवीवाली गृहिणी’ म्हणतात. पिशव्या नवरेही नेतात, पण टोमणा बायकांना. ओळखीचं वाटतंय ना?

गंमत म्हणजे ही कोंबडी मुळात बँकॉकची नाहीच. ती ईसानची. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. (नावही आपल्या ‘ईशान’वरूनच!) वीस प्रांत, देशाची जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्या, पलीकडे मेकाँग नदी आणि लाओस. जमीन रेताड, भातशेती बरीचशी पावसाच्या भरवशावर. रेल्वे 1900 मध्ये कोराटपर्यंत पोचली, 1958 मध्ये अमेरिकेच्या मदतीने बांधलेला ‘मैत्री महामार्ग’ आला आणि माणसं बँकॉककडे निघाली. टॅक्सी चालवायला, बिल्डिंगा बांधायला, घरकामाला. त्यांच्यामागोमाग त्यांचं जेवणही शहरात आलं. राजदम्नर्न बॉक्सिंग स्टेडियमभोवती कोंबडीची दुकानं उगाच नाही निघाली. कितीतरी बॉक्सर ईसानचेच.

शेगडीमागच्या बाईंना सगळे ‘पी’ म्हणत होते. ‘पी’ म्हणजे आपल्यासारखंच, ताई किंवा दादा. मोडक्या इंग्रजीत आणि खाणाखुणांनी आमच्या गप्पा झाल्या. गाव खोन केनजवळ. मुलगा गावी, आजीकडे. ईसानमधल्या खेड्यांत हे घरोघरी दिसतं. मधली पिढी शहरात आणि घरात फक्त आजी-आजोबा आणि नातवंडं. पी अख्ख्या गल्लीच्या घरांचा स्वयंपाक करते आणि स्वतःच्या लेकाला फोनवर ‘जेवलास का?’ विचारते. एप्रिलच्या मध्याला सोंगक्रानची सुट्टी लागली, की हीच सगळी मंडळी गावाकडे पळतात आणि रस्ते तुंबतात. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर अडकलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

पुढच्या वीकेंडला मी उत्तरेची वाट धरली. खोन केनपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, उदोन थानीच्या रस्त्यावर खाव सुआन क्वांग नावाचं गाव आहे. सगळ्या थायलंडला ते माहीत आहे ते याच कोंबडीसाठी. इथली कोंबडी बारीक, चिवट, पण चव अशी की ब्रॉयलर विसरावी. भात बांबूच्या झाकणाच्या टोपलीत येतो. हातानं त्याची गोळी करायची, चटणीत बुडवायची, वर कोंबडीचा तुकडा. काटे-चमचे नाहीत, मोठ्यांचा आणि लहानांचा वेगळा मेनू नाही. एक चटई, एक कोंबडी, तीन पिढ्या. पीच्या गाडीवरून पिशवीत जाणारं जेवण मुळात हे असं होतं!

आता मुद्द्याचं. आपल्याकडे गॅस आहे, फ्रिज आहे आणि मंगळवारी रात्री आठला ‘आज काय?’ हा प्रश्नही आहे. जादू फक्त तीन गोष्टींची : कोथिंबिरीची मुळं, लसूण आणि पांढरी मिरी. किलोभर चिकन लेग्जना खोल चिरा द्या. स्वच्छ धुतलेली सहा-सात मुळं, आठ पाकळ्या लसूण आणि चमचाभर मिरी खलबत्त्यात कुटा. त्यात दोन मोठे चमचे फिश सॉस, एक मोठा चमचा सोया सॉस, तेवढाच गूळ आणि थोडं तेल. हवा तर गवती चहाचा खालचा पांढरा भाग ठेचून टाका. आपला गवती चहा म्हणजेच लेमनग्रास! हे सकाळी चिकनला चोळून फ्रिजमध्ये ठेवा आणि खुशाल ऑफिसला जा.

संध्याकाळी ओव्हन 200 अंशांवर, साधारण चाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास, मग झाकण काढून आच वाढवायची. गुळामुळे पटकन करपतं, तेव्हा आधी घाई नको. हाडाजवळचं मांस गुलाबी राहता कामा नये.

तोवर चटणी. मूठभर तांदूळ कोरडेच तपकिरी भाजून भरड वाटा. चिंचेचा कोळ, फिश सॉस, गूळ, जाडसर लाल तिखट, चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि वर ती भरड चमचाभर. लहानांसाठी तिखट घालायच्या आधी थोडी बाजूला काढा. भात आपला नेहमीचा, जरा मऊसर.

आणि ज्या दिवशी हेही जमणार नाही, त्या दिवशी बिनधास्त बाहेरून आणा. गिल्ट नको. फक्त पुडी सोडताना ती बांधणारी कुठली, तिच्या घरी आत्ता कोण जेवतंय, एवढं मनात येऊ द्या. एरवी मात्र उद्या भाजीवाल्याला आवर्जून सांगा, ‘दादा, जुडीची मुळं कापू नका!’