काळी घरं, पांढरी घरं

आपल्याला, म्हणजे साहित्यवाल्यांना, प्रत्येक गोष्टीत नायक लागतो. कुणीतरी ठरवतं, मग बाकीचे हलतात. माझा दादा फिजिक्समध्ये एम.एस्सी. करतोय. त्याने मला एक अशी गोष्ट सांगितली, जिच्यात नायकच नाही.

२०१० साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात टिलमन एस्लिंगर यांच्या गटाने रुबिडियमचे सुमारे एक लाख अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या, अगदी जवळ नेले. इतक्या थंडीत अणू वेगळेपण सोडून एकाच लाटेसारखे वागतात. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कामावरून आइन्स्टाइन यांनी हे आधीच ओळखलं होतं. हे अणू दोन समोरासमोरच्या आरशांमध्ये ठेवले आणि बाजूने लेसर सोडला.

लेसर मंद असताना काहीच घडत नाही. अणू सारखे पसरलेले असतात; एकाने आरशाकडे उडवलेला प्रकाश दुसऱ्याचा प्रकाश खोडून टाकतो. पण लेसरने एक ठरावीक मर्यादा ओलांडली की जरासा असमतोलही पुरतो. थोडे अणू एका रचनेत सरकतात, त्यांचा प्रकाश आरशांमध्ये साठतो आणि तोच प्रकाश आणखी अणूंना त्या रचनेत ओढतो. बघता बघता बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी! एका रंगाची घरं भरलेली, दुसऱ्या रंगाची रिकामी. आरशातून थोडा प्रकाश बाहेर झिरपतो, त्यावरून आतली नक्षी कळते. २०१६ मध्ये याच गटाने प्रकाशाचीच जाळी घालून अणूंच्या चार अवस्था दाखवल्या: मोकळे वाहणारे, वाहत असूनही नक्षी धरलेले, जागच्या जागी अडकलेले आणि नक्षीतच अडकलेले.

पण भरायची कोणती, काळी घरं की पांढरी? दोन्ही तंतोतंत सारखी. एकही सरस नाही.

इथे मी थबकले. मला एम.ए.चा फॉर्म भरायचाय. मराठी की इंग्रजी? आई म्हणते, इंग्रजीत नोकरी आहे. मंडळातले म्हणतात, तू गेलीस तर अंक कोण काढणार? दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात आणि मी आहे तिथेच. दादाला म्हटलं, "मग मीपण थांबते. बारीकसा धक्का लागेल त्या बाजूला जाईन."

तो हसला नाही. "अगं, अणू निवडत नाहीत. नक्षी झाल्यावर आपण म्हणतो की त्यांनी निवडलं. त्यांना मागाहून हळहळ वाटत नाही."

खरंय. मंडळात पाच जण आले की सहावा आपोआप येतो, तिथवर अणूंची उपमा चालेल. फॉर्मवरच्या दोन चौकटी मात्र दिसायला सारख्या असल्या, तरी माझ्यासाठी त्या सारख्या नाहीत. इंग्रजी सोडायची म्हटलं की भीती वाटते. मराठी सोडायची म्हटलं की वाईट वाटतं. हा फरक अणूंना नसतो, मला आहे.

मी मराठीवर खूण करणार आहे. आईला अजून सांगायचंय.