पाऊस पाहायला जाताना

इंग्रजी प्रवासवर्णनांत पाऊस हा बहुधा खलनायक असतो. मोटारसायकलवरून तिथल्या खेड्यापाड्यांतून हिंडणारा प्रवासी भिजतो, कुडकुडतो, हवामानाच्या नावाने बोटे मोडतो आणि त्यातूनच त्याच्या लेखनाला विनोदाची धार चढते. आपल्याकडे नेमके उलटे. पाऊस लागला म्हणून आपण परत फिरत नाही. पाऊस लागला म्हणूनच निघतो. ‘खराब हवामान’ हे शब्द आपल्या वर्षासहलींना लागूच पडत नाहीत, अशी आमची समजूत होती.

जुलैतल्या एका रविवारी आम्ही दोघे मुळशीच्या वाटेला लागलो. दोघेही मराठीचे अध्यापक; गाडी जुनी. भूगाव, पिरंगुट मागे टाकून पौडला पोहोचेतो पाऊस रिमझिमत होता आणि मागे बसणाऱ्याला कविता आठवत होत्या. पौडनंतर कविता थांबल्या. हेल्मेटची काच खाली घ्यावी तर वाफेने समोरचे दिसेना. वर करावी तर थेंब सुयांसारखे डोळ्यांत. पाण्याने भरलेला खड्डा आणि रस्ता यांतला भेद फक्त चाकालाच कळत होता. ताम्हिणीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

रस्त्यालगतच्या एका घराच्या पडवीत आसरा घेतला. घरात म्हातारी एकटीच. बाकीची माणसे खाचरांत, भाताच्या आवणीला.

“पुण्याचं का? पाऊस बघाया आलात?”

आम्ही ओशाळून हो म्हटले. तिच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता, कुतूहलच होते. चहा देताना तिने धरणाच्या दिशेने हात केला. “आमचं जुनं गाव तितं पाण्यात हाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती दिसत्यात.”

हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, येथील मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची प्रतिज्ञा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने उभे होते. १९२४ पर्यंत लढा विझला आणि धरण झाले. एरवी भीमेतून, कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला मिळणारे मुळेचे पाणी अडवून सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याला नेले; त्यावर वीज झाली, ती मुंबईकडे गेली, आणि पाणी कुंडलिकेतून पश्चिमेच्या समुद्राला मिळाले. राजेंद्र व्होरा यांच्या २००९ मधील इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. तो ग्रंथ आमच्या कपाटात आहे. पण त्या दिवशी जलाशयाकाठून येताना आम्ही काय म्हणालो होतो? ‘काय सुंदर दिसतंय!’

आणि ते सुंदर दिसतच होते, हीच अडचण.

दुपारी म्हातारीचा मुलगा घोंगडी पांघरून आला. त्याने प्लग काढला, चुलीशी धरून सुकवला, प्लगची टोपी फडक्याने कोरडी केली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. पैसे त्याने घेतले नाहीत. त्याला घाई होती. एवढा पाऊस पुन्हा मिळेल न मिळेल, तोवर एक खाचर उरकायचे होते. ताम्हिणी राहिलीच, आम्ही तेथूनच मागे वळलो.

त्या आठवड्यात निसर्गकविता शिकवताना बालकवींपाशी आलो तेव्हा आमच्यापैकी एकाने वर्गाला विचारले : कवितेतला पाऊस पाहणारा नेमका कोठे उभा असतो? प्रश्न आपल्याला नुकताच सुचला आहे याचा थोडा अभिमानही त्यात होता. वर्ग गप्प राहिला. मग मागच्या बाकावरून, एरवी कधी न बोलणारा एक विद्यार्थी उठला. तो मुळशीकडचाच निघाला.

“सर, आवणीच्या दिवसांत मी चिखलात उभा असतो. तुम्ही गैरहजेरी मांडता.”

हजेरीपट उघडून पाहिला. जुलैच्या रकान्यांत त्याच्या नावापुढे सलग फुल्या होत्या, आमच्याच हातच्या. त्या कशा खोडाव्यात, नियमात कोठे बसवाव्यात, हे आम्हां दोघांना अजून सुचलेले नाही. धडा मात्र पुढे सरकला आहे. असो.