हजेरीपत्रकातला 'गै' आणि गोवर



आज एक चूक सांगणार आहे. माझीच आहे. तुमच्याकडून ती होऊ नये, एवढ्यासाठी लिहितेय.

नोव्हेंबर 2022. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. मुंबईच्या पूर्व उपनगरातली आमची शाळा, गोवंडीपासून फार लांब नाही. वर्गात पाच मुलं सलग गैरहजर होती. दिवाळीनंतर असं होतंच. मुलं गावाला जातात, तिकीट मिळत नाही, आठवडाभर उशिरा येतात. मी नेहमीप्रमाणे 'गै' मांडत गेले आणि शेजारी पेन्सिलीने 'गावी' लिहिलं. फोन कुणालाच केला नाही.

चार दिवसांनी आरोग्य केंद्रातल्या आरोग्य सेविका ताई शाळेत आल्या. त्यांनी हजेरीपत्रक मागितलं, पाच नावं पाहिली आणि पत्ते विचारले. तीन मुलं एकाच गल्लीतली निघाली. ताई म्हणाल्या, "मॅडम, ही गावी नाहीत. यांना ताप आणि पुरळ आहे का ते बघायला मी आत्ताच जाते."

तिघांनाही गोवर होता. त्यातल्या एका मुलीचा सात महिन्यांचा भाऊही तापाने फणफणला होता. घरच्यांनी 'अंगावर आलंय, आपोआप जाईल' म्हणून कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला होता. ताईंनी त्याच दिवशी बाळाला दवाखान्यात पाठवलं. काही दिवसांनी ते बरं होऊन घरी आलं. पण त्या साथीत मुंबईत काही घरांतली बाळं परत आली नाहीत. माझे चार दिवस फुकट गेले, हे आजही मनातून जात नाही.

आता आरोग्य विभागाने नेमकं काय केलं ते बघा. सेविका घरोघरी फिरून ताप आणि पुरळ असलेली मुलं शोधत होत्या. सापडलेल्या मुलांना जीवनसत्त्व 'अ'चे दोन डोस, सलग दोन दिवस दिले जात होते, कारण गोवरात डोळ्यांना आणि फुप्फुसांना धोका असतो. जास्त आजारी मुलांना कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी दाखल केलं जात होतं. गोवराची लस नेहमी 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसऱ्यांदा 16 ते 24 महिन्यांत देतात. साथीच्या भागात मात्र 9 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यायचं ठरलं. जिथे 9 महिन्यांखालची बाळंही बऱ्याच प्रमाणात आजारी पडत होती, तिथे 6 ते 9 महिन्यांच्या बाळांना 'झिरो डोस' देण्यात आला. हे डोस नेहमीच्या दोन डोसांत धरायचे नाहीत, ते दोन वेळेवर घ्यायचेच, हे ताई प्रत्येक आईला पुन्हा पुन्हा सांगायच्या.

लस चुकली का होती? कोरोनाच्या काळात नेहमीचं लसीकरण मागे पडलं होतं, हे एक कारण. दुसरं मला एका आईने सांगितलं, "बाई, सुई टोचली की पोराला ताप येतो. मग माझा खाडा होतो." तिला अडाणी म्हणून काय उपयोग? तिची रोजंदारी बुडत होती. ताईंनी संध्याकाळी, कामावरून आल्यावर वस्तीतच लस द्यायची सोय केली, तेव्हा तीच आई रांगेत पहिली होती. नवीन संकटात यंत्रणेला फक्त औषध पुरत नाही, माणसाची अडचणही ऐकावी लागते, हे मी तिथे शिकले.

गोवर हवेतून पसरतो. पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना आजार देऊ शकतं. म्हणजे आपल्याला कळेपर्यंत बाकावरच्या शेजाऱ्यापर्यंत तो पोहोचलेला असतो. म्हणून तर समाजातल्या 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत असं म्हणतात.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. सलग दोन दिवस मूल आलं नाही की तिसऱ्या दिवसाची वाट न बघता घरी फोन करते. एकाच गल्लीतली दोन-तीन मुलं गैरहजर दिसली तर आरोग्य केंद्रात कळवते. आणि पालकसभेत वह्यांच्या आधी लसीकरण कार्ड विचारते, धाकट्या भावंडांचंसुद्धा.

पालकांनो, ताप आणि पुरळ आलेलं मूल शाळेत पाठवू नका, दवाखान्यात न्या. शाळा बुडाली म्हणून कुणी रागावणार नाही. आणि शिक्षकांनो, उद्या हजेरी घेताना जे नाव पुकारल्यावर उत्तर येणार नाही, तिथे 'गै' मांडून पुढे जाऊ नका. ते मूल कुठे आहे, एवढं विचारा.