आवाज कमी करताना

मागचे दोन विकांत मी एक बटण बदलण्यात घालवले. व्हॉल्यूमचं. घरातून साहजिकच पहिला प्रश्न आला, "का रे, जुनं फिरत नव्हतं का?" फिरत होतं की. छान फिरत होतं. तक्रार फिरण्याची नव्हतीच.

आधी पात्रपरिचय. माझ्याकडे घरी बनवलेला एक व्हॉल्व्हचा हेडफोन ॲम्प आहे. पुढे एक ईसीसी८२, मागे एक ६०८०. दोन्ही नळ्यांच्या पोटात दोन-दोन ट्रायोड, म्हणजे एक डाव्या कानाला आणि एक उजव्या. त्यातली ६०८० खरं तर संगीतासाठी जन्मालाच आली नाही, ती पॉवर सप्लायचा व्होल्टेज स्थिर ठेवायला बनवलेली नळी. पण ३०० ओहमचे हेडफोन ती मजेत चालवते. व्हॉल्व्हचा आवाज 'ऊबदार' असतो की नाही या वादात मी पडत नाही. मला रात्री तो नारिंगी उजेड आवडतो, बास.

तर झालं असं की रात्री अकरानंतर, सगळे झोपल्यावर, हळू आवाजात ऐकताना गाणारा माणूस उजवीकडे सरकायला लागला. स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये हे कळत नाही पटकन. पण केसरबाई केरकरांचं 'जात कहां हो' लावलं (तेच, १९७७ साली व्हॉयेजरबरोबर अंतराळात गेलेलं), आणि ते तर मोनो! मोनो रेकॉर्डिंगमधला आवाज बरोब्बर डोक्याच्या मधोमध यायला हवा. केसरबाई उजव्या कानाशी येऊन बसल्या होत्या.

पहिला विचार ॲम्पचा आला नाही, कानाचा आला.

त्याला कारण आहे. बाबांची तीस वर्षं एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये गेली, आणि कानही तिथेच गेले. आधी डावा, मग उजवा. आता टीव्ही ४५ वर असतो, कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये असतं, आणि घरातलं प्रत्येक वाक्य आम्ही दोनदा बोलतो. मी प्रेस शॉपमध्ये नाही, पण हापिसात आठ तास हेडफोन डोक्यावर, घरी आलो की पुन्हा हेच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं वेगळं नसेल.

पण हे तपासणं फार सोपं आहे. हेडफोन उलटे घाला. डावा कप उजव्या कानावर. केसरबाई डावीकडे गेल्या! म्हणजे कान ठीक, बिघाड मागे कुठेतरी. मग डॅककडून येणाऱ्या दोन वायरी अदलाबदल केल्या. काही फरक नाही, म्हणजे डॅकही सुटला. शेवटी डॅकचा आवाज सॉफ्टवेअरमधून कमी केला आणि ॲम्पचं बटण बारा वाजेपर्यंत नेलं. केसरबाई मधोमध. सापडला चोर.

व्हॉल्यूमचं बटण, म्हणजे पॉट, आत अगदी साधं असतं. कार्बनची एक गोल पट्टी आणि तिच्यावर घासत जाणारा पत्रा. स्टिरिओसाठी अशा दोन पट्ट्या एकाच दांडीवर. आपला कान लॉगॅरिदमिक, म्हणून पट्टीही तशी हवी. पण बाजारातल्या साध्या पॉटमध्ये खरा लॉग नसतो, दोन-तीन वेगवेगळ्या शाईचे सरळ तुकडे जोडून त्याची नक्कल केलेली असते. आणि सुरुवातीच्या तुकड्यात दोन पट्ट्या एकमेकींशी जुळणं हा निव्वळ नशिबाचा भाग. मी पॉट काढून मल्टिमीटरने मोजला. मधोमध डावीकडे १२.१ के, उजवीकडे १२.४ के. उत्तम. रात्रीच्या जागेवर डावीकडे ६०० ओहम, उजवीकडे ८२०. हा फरक २.७ डेसिबलचा.

आता मी त्या खालच्या कोपऱ्यात का राहतो? हिशेब बघा. डॅक कमाल २ व्होल्ट देतो. गाण्याची सरासरी पातळी बरीच खाली असते, ती पाव व्होल्ट धरू. ईसीसी८२ तिला सुमारे १५ पट करते, झाले पावणेचार व्होल्ट. माझ्या हेडफोनना (सेनहायझर एचडी६००) १ व्होल्ट दिला की साधारण ९७ डेसिबल आवाज येतो. रात्री मला ६५ पुरतो, म्हणजे फक्त २५ मिलिव्होल्ट. पॉटने दीडशे पटीने आवाज मारायचा! बटण आठ-साडेआठच्या पुढे जाणारच कसं?

आणि यातली खरी गोम अशी, की गायक मधोमध यावा म्हणून माणूस नकळत बटण पुढे नेतो. दहा वाजले की दोन्ही बाजू जुळतात, ऐकायला छान वाटतं, आणि तिथे आवाज हवा त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेचं गणित ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असं आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २०, ८६ ला १०. म्हणजे वाईट पॉट नुसता आवाज बिघडवत नाही, तो तुम्हाला वर ढकलतो. 'ट्रान्सपरन्सी', 'एअर' वगैरे शब्द वापरून महागडे पॉट विकणारे लोक याबद्दल फारसं बोलत नाहीत.

चोर सापडला तरी मी कान तपासून आलो. मनात किडा शिरला होता ना. दोन्ही कान सारखे निघाले. पण दोन्हीकडे ४००० हर्ट्झपाशी आलेख जरा खाली झुकलेला. ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, "आत्ता काळजीचं काही नाही. पण गेलेलं परत येत नाही हं." असो.

दुरुस्तीकडे येतो. तपकीर गल्लीत दुकानदाराला म्हटलं, शंभर केचा डबल पॉट द्या, लॉग. "साहेब, लॉग कोण मागतं आता? बी आहे, घ्या. आवाज तोच येतो." बी म्हणजे लिनियर, ए म्हणजे लॉग. घेतला नाही. त्याऐवजी चार रेझिस्टर घेतले, दहा रुपये पण झाले नाहीत. प्रत्येक बाजूला पॉटच्या आधी ४७ के मालिकेत आणि ५.६ के जमिनीकडे. आवाज सरळ २० डेसिबल खाली. म्हणजे पॉट जिथे नीट वागतो तिथे, अकराच्या आसपास, वापरता येतो. खरं सांगायचं तर नव्वद टक्के काम इथेच झालं. तुमच्याकडे असला ॲम्प असेल तर एवढंच करा आणि झोपा.

(अर्थात आत १५० व्होल्टच्या वर डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून बसतात. प्लग काढा, थांबा, मीटरने मोजा, व्होल्टेज उतरलाय याची खात्री झाल्यावरच हात घाला, आणि तोही एकच. दुसरा खिशात. हे गमतीने सांगत नाहीये.)

मी झोपलो नाही. पॉटऐवजी २४ खटक्यांचा, दोन मजली रोटरी स्विच बसवला. दीड-दोन हजाराचा आला. त्याच्यावर प्रत्येक बाजूला रेझिस्टरची साखळी, दर खटक्याला २ डेसिबल. एक्सेलमध्ये आकडे काढले तर मजा अशी, की वरून २० के, १६ के, १३ के, १० के असे उतरत जातात आणि दहा खटक्यांनी, म्हणजे २० डेसिबलने, तेच आकडे एक शून्य कमी होऊन परत येतात. २ के, १.६ के, १.३ के... दुकानात सहज मिळणाऱ्या किमतींमध्ये अगदी चपखल! पगारी कोडमध्ये असं सुख फार क्वचित मिळतं. प्रत्येक किमतीचे दहा-दहा रेझिस्टर आणून मीटरवर जोड्या लावल्या. पायरी २ डेसिबलची की २.१ ची याने काही बिघडत नाही, डावा आणि उजवा एक असले की झालं. स्विच मात्र असा हवा की पुढचा संपर्क जोडल्यावर मागचा सुटेल. नाहीतर प्रत्येक खटक्याला कानात फट्ट.

सोल्डरिंगला अख्खा रविवार गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पाठ दुखली.

एवढा खटाटोप का, तर खटके मोजता येतात म्हणून. गुळगुळीत बटणाला स्मरणशक्ती नसते, कान सरावतो आणि बटण रोज केसभर पुढे जातं. आता अंधारातही शून्यापासून बारा खटके मोजले की माझी रात्रीची जागा. केसरबाई मधोमध.

रविवारी संध्याकाळी बाबा डोकावले. "झालं का तुझं?" म्हटलं, बसा बाबा, ऐका. हेडफोन घातले. बाराव्या खटक्यावर ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. पंधरावर भुवया वर गेल्या. एकोणीसवर डोळे मिटले आणि मान हलायला लागली. रेकॉर्ड संपेपर्यंत मी शेजारी बसून होतो. मग त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिले, मी सात खटके मागे आलो आणि स्वतःच्या कानावर चढवले.