माशाचं रक्त मोजताना

"सर, रोहूच्या अंगावर लाल चट्टे आलेत. दोन-चार मासे लॅबमध्ये आणून देऊ का?" असा फोन आला की माझं उत्तर ठरलेलं असतं: आणू नका, मीच तळ्यावर येतो.

डब्यात हिंदकळत आलेला मासा भेदरलेला असतो. अंगात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट घटतात, न्यूट्रोफिल वाढतात. जंतुसंसर्गातही न्यूट्रोफिल वाढतात. मग काचेवर दिसतंय ते आजाराचं की प्रवासाचं, हे कसं सांगणार?

लवंग तेल मिसळलेल्या पाण्यात मासा शांत झाला की गुदपराच्या मागे, पोटाकडच्या मध्यरेषेतून सुई कण्यापर्यंत न्यायची आणि दट्ट्या अगदी हलकेच ओढायचा. रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये आधी हेपरिन फिरवून घ्यावं. त्याऐवजी ईडीटीए वापरलं तर रोहूसारख्या कार्प कुळातल्या माशांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. थेंब लगेच काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, मिथेनॉलमध्ये बुडवायचा, मग गिम्सा रंग द्यायचा.

माणसाचं रक्त मोजणारं यंत्र इथे फसतं. माशाच्या तांबड्या पेशीलाही केंद्रक असतं, त्यामुळे पांढऱ्या पेशी वेगळ्या काढणं त्याला जमत नाही. मोजायचं डोळ्यांनीच. लंबगोल तांबड्या पेशींच्या गर्दीत एक गोल, गडद जांभळी पेशी दिसते आणि खरी परीक्षा सुरू होते. हा लिम्फोसाइट की रक्त गोठवणारा थ्रोम्बोसाइट? थ्रोम्बोसाइट एरवी चातीसारखा निमुळता, पण रक्त गोठायला लागलं की तोही गोल होतो. मी कडा बघतो. लिम्फोसाइटच्या केंद्रकाभोवती निळ्या रंगाची बारीक किनार असते. थ्रोम्बोसाइटभोवतीचा भाग जवळजवळ बिनरंगी, आणि ते बहुधा घोळक्यात सापडतात. इथे चूक झाली तर पुढची सगळी टक्केवारी वाया.

या पेशी तयार कुठे होतात, हे मासे खाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. साफ करताना कण्याखालचा काळपट लाल पट्टा आपण खरवडून टाकतो, ते मूत्रपिंड. माशाच्या हाडांत रक्त बनवणारी मज्जा नसते, ते काम प्रामुख्याने या पट्ट्याचं डोक्याकडचं टोक करतं. मला माशाच्या शरीरातला हा सर्वांत देखणा अवयव वाटतो.

विद्यार्थ्यांना मी एकच काच दोघांना वेगवेगळी मोजायला देतो. आकडे जुळले नाहीत, तर तिघं मिळून पुन्हा त्याच गोल पेशींपाशी जातो. आणि अहवालात पाण्याचं तापमान नसेल, तर तो परत पाठवतो. थंड पाण्यातल्या माशाची प्रतिकारशक्ती मंदावते, तिला उन्हाळ्याचे आकडे लावता येत नाहीत.